पर्यटन निवासाची बाके : पॉलिश नको, गाभा पाहा

कोकण किनाऱ्यावर पर्यटन निवास उघडण्याचा उत्साह गेल्या काही वर्षांत वाढला आहे. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, गुहागर, रत्नागिरी या भागांत आखाती देशांतून परतलेल्या आपल्या काही बांधवांनी उमेदीच्या वर्षांची जमापुंजी या धंद्यात घातली आहे. कोणी नारळाच्या वाडीत चार खोल्या बांधल्या, तर कोणी निवास व न्याहारी योजनेखाली घराचाच भाग पाहुण्यांना दिला. राज्य शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून मोकळ्या जागेत प्रवाशांच्या गाड्या उभ्या करून राहण्याची सोय करावी, असा विचारही कानावर येतो. पाहुणचार आपल्या रक्तातच आहे, तेव्हा या धंद्यात उतरणाऱ्यांचे स्वागतच केले पाहिजे.

मात्र या धंद्याच्या हिशेबात एक बाब हमखास दुर्लक्षित राहते. ती म्हणजे अंगणात ठेवायची बाके आणि टेबले. खोलीतील पलंगासाठी दहा दुकाने पालथी घातली जातात. अंगणातील सामान मात्र सर्वात शेवटी, उरल्यासुरल्या पैशांत, फोनवर भाव ठरवून मागवले जाते. वास्तविक पाहुण्याचा सकाळचा चहा अंगणात होतो आणि रात्रीचे जेवणही तिथेच रंगते. गाडीतच झोपणाऱ्या प्रवाशाला तर ते बाक म्हणजेच दिवाणखाना. तेच बाक दुसऱ्या पावसाळ्यानंतर डुगडुगू लागले, एखादा वयस्कर पाहुणा त्यावरून पडला, तर नुकसान केवळ बाकाचे होत नाही, नावाचे होते.

आमचे स्पष्ट मत असे आहे की, बाहेरचे लाकडी सामान भावावर घेऊ नये. ते किती पावसाळे काढील यावर घ्यावे. समजा, 4,000 रुपयांचे बाक दोन वर्षांत निकामी झाले, तर ते वर्षाला 2,000 रुपयांना पडले. 12,000 रुपयांचे बाक बारा वर्षे टिकले आणि त्यावर दरवर्षी दोनशे रुपयांचे तेल लागले, तरी वर्षाचा खर्च 1,200 रुपयेच होतो. स्वस्त वाटले ते महाग पडले. पुन्हा पुन्हा तोच माल विकत घेणे ही काटकसर नसून उधळपट्टीच आहे आणि उधळपट्टी आपल्या दीनला मंजूर नाही.

कोकणात वर्षाला साधारण 2,500 ते 3,500 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. पुढे आठ महिने ऊन आणि खारा वारा. लाकडात वीस टक्क्यांहून अधिक ओल सतत राहिली की बुरशी धरते आणि लाकूड कुजू लागते. त्यात जमिनीतून वाळवी येते. म्हणून बैठकीच्या खोलीत पन्नास वर्षे टिकणारे लाकूड अंगणात पाच वर्षेही टिकेल, असे समजू नये.

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत निरनिराळ्या लाकडांचे तुकडे उघड्यावर जमिनीत पुरून ती किती काळ टिकतात याची परीक्षा झालेली आहे. सरासरी 120 महिने किंवा अधिक टिकणारे लाकूड पहिल्या वर्गात, 60 ते 120 महिने टिकणारे दुसऱ्या आणि त्याहून कमी टिकणारे तिसऱ्या वर्गात धरतात. साग पहिल्या वर्गात येतो, आंबा तिसऱ्या. सागाची महती सांगायला एक जहाज पुरेसे आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली मलबारी सागाचे ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज बांधले गेले आणि 1817 मध्ये ते पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे.

परंतु येथेच ग्राहक फसतो. टिकतो तो सागाचा गाभा. सालीजवळचा फिकट पांढरा भाग सागाचाच असला तरी त्यात ती ताकद नसते. कमी वयाच्या लागवडीच्या झाडांत या पांढऱ्या भागाचे प्रमाण अधिक असते. म्यानमारने एप्रिल 2014 पासून सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील लागवडीचा सागही आपल्या वखारींत येतो. तो सगळाच वाईट असे नाही, पण ‘साग’ एवढ्या शब्दावर विसंबून भागत नाही. शिवाय ‘आफ्रिकन टीक’, ‘ब्राझिलियन टीक’ ही व्यापारातील नावे आहेत. त्या नावाने मिळणारी लाकडे टिकाऊ असतीलही, पण ती साग नव्हेत, हे विकणाऱ्याने सांगितले पाहिजे.

दुसरी गफलत जुन्या खोक्यांच्या आणि पॅलेटच्या लाकडाबाबत होते. त्यावर ‘एचटी’ असा शिक्का असतो आणि ‘प्रक्रिया केलेले लाकूड’ म्हणून ते खपवले जाते. त्या शिक्क्याचा अर्थ इतकाच की, परदेशी कीड जाऊ नये म्हणून ते लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला किमान अर्धा तास तापवले आहे. पुढे पावसात कुजण्यापासून किंवा वाळवीपासून त्याला कसलेही संरक्षण नाही. बोरॅक्स-बोरिकची प्रक्रियाही घरातल्या लाकडाला ठीक. उघड्यावर पावसाने ती धुऊन जाते. तांबे, क्रोम आणि आर्सेनिकची प्रक्रिया मात्र टिकाऊ. तिचा शोध सोंटी कामेशम यांनी 1933 मध्ये डेहराडूनलाच लावला, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण आर्सेनिकमुळे अमेरिकेत 2003 च्या अखेरीस घरगुती वापराच्या लाकडासाठी ती थांबवण्यात आली. ज्या टेबलावर मुले जेवणार, तिथे तसले लाकूड वापरू नये आणि त्याचे तुकडे चुलीतही घालू नयेत.

मग करावे काय? पहिली अट अशी घालावी की, पॉलिश लावण्यापूर्वी माल पाहणार. फळीची खालची बाजू आणि कापलेली टोके पाहावीत. पांढरा पट्टा दिसला तर ती फळी बाजूला काढावी. साग परवडत नसेल तर फणसाच्या पिवळ्या गाभ्याचा विचार करावा. आंबा, रबर आणि प्रक्रिया न केलेले चीड अंगणासाठी घेऊ नये. लाकूड सुकवलेले आहे ना, हे ओल मोजण्याच्या छोट्या यंत्राने पाहता येते.

दुसरी गोष्ट बनावटीची. चांगले लाकूडही वाईट बनावटीने कुजते. बैठकीच्या पट्ट्यांत बोटभर फट असावी, म्हणजे पाणी साचत नाही. लोखंडी खिळे खाऱ्या वाऱ्यात गंजतात आणि भोवतालचे लाकूडही खराब करतात. त्याऐवजी पितळी किंवा 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत. पाय मातीत रोवू नयेत, लादीवर ठेवावेत. आमची तर अशी सूचना आहे की, कायमच्या बाकाला पाय जांभ्या दगडाचे करावेत, त्यावर फरशीचा तुकडा बसवावा आणि बैठक तेवढी लाकडाची ठेवावी. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, हे आपण विसरलेलो नाही. हलके सामान अशा वाऱ्यात टिकत नाही. शिवाय हे काम गावचा गवंडी आणि गावचा सुतार मिळून करू शकतात. पैसा गावातच राहतो.

तिसरी गोष्ट निगेची. उन्हापावसात व्हार्निशचे पोपडे निघतात आणि त्याखाली पाणी अडकते. त्यापेक्षा पावसाळ्याआधी आणि नंतर तेलाचा हात द्यावा. आपले मच्छीमार होडीला काजूच्या टरफलाचे तेल लावत आले आहेत. ते अंगाला लागले तर कातडी भाजते, म्हणून बैठकीला लावू नये. पायांच्या टोकांना मात्र उपयोगी पडते. साग कालांतराने करडा, चंदेरी दिसू लागतो. तो कुजला असे समजून टाकून देऊ नये. रंग वरचा उडतो, आतला गाभा शाबूत असतो.

आता दोन शब्द विकणाऱ्या बांधवांसाठी. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. वरून कोरडे दिसणारे धान्य आत ओले निघाले. पावसाने भिजल्याची सबब विक्रेत्याने सांगितली, तेव्हा ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यापैकी नव्हे, हे बजावले. पॉलिशखाली पांढरे लाकूड आणि पुट्टीखाली भेग दडवणे हे त्या ओल्या धान्याहून वेगळे नाही. पावतीवर लाकडाची जात, प्रक्रिया आणि स्क्रूची धातू लिहून द्यावी. एवढ्याने गिऱ्हाईक तुटत नाही. उलट पुढच्या वर्षी दुसऱ्याला घेऊन येते.

आणि घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे. सुताराला भावात इतके पिळायचे की त्याने कच्चा माल घातल्याशिवाय त्याचे पोट भरू नये, आणि मग फसवले म्हणून ओरडायचे, हा न्याय नव्हे. रास्त भाव द्या, पक्का माल मागा आणि तो पावतीवर लिहून घ्या. परदेशात घाम गाळून मिळवलेल्या पैशाला बरकत हवी असेल, तर तो दोन पावसाळ्यांत कुजू देऊ नका.