नवख्याने आधी थांबायला शिकावे

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत, विशेषतः माण, खटाव, खानापूर, आटपाडी आणि कवठेमहांकाळ या अवर्षणप्रवण तालुक्यांत, सुगीची कामे हातावेगळी होऊन ग्रामदैवतांच्या यात्रा सुरू झाल्या की मोठ्या गावांच्या शिवारात शर्यतीची मैदाने आखली जातात, आणि अशा प्रत्येक हंगामात काही तरुण आपली बैलगाडी घेऊन आयुष्यात प्रथमच त्या मैदानावर उतरतात. घरच्या गाईचा खोंड डोळ्यांदेखत वाढलेला असतो, पारावरच्या मंडळींनी त्याच्या पळाची वाखाणणी केलेली असते, नामांकित बैलांच्या चित्रफिती मोबाइलवर पाहून मन भरून आलेले असते. परंतु मैदानावर उतरण्याची पूर्वतयारी म्हणजे नेमके काय, हे मात्र त्या तरुणाला कोणी समजावून सांगितलेले नसते. जिंकलेल्याची मिरवणूक गावाच्या स्मरणात राहते, आणि पहिल्याच दिवशी बिथरून कायमचा मैदानातून उठलेला बैल कोणाच्या बोलण्यातही येत नाही. म्हणून या नवख्या मंडळींसाठी, आणि त्यांना प्रवेश देणाऱ्या यात्रा समित्यांसाठीही, काही गोष्टी स्पष्टपणे मांडणे मला अगत्याचे वाटते. त्या सर्वांचा मथितार्थ एवढाच, की पळवण्याची विद्या नवख्याने नंतर शिकावी, थांबवण्याची आणि स्वतः थांबण्याची विद्या आधी शिकावी.

पुणे जिल्ह्यात घाटाच्या चढावर एकेक गाडा सोडून त्याची वेळ मोजण्याचा शिरस्ता आहे. आपल्याकडे सपाट जमिनीवर सरळ फाट्या, म्हणजे धावण्याच्या पट्ट्या, आखून अनेक छकडे एकाच वेळी सोडतात, चिठ्ठ्या टाकून गट पाडतात, आणि गटातून उपांत्य फेरीत व तेथून अंतिम फेरीत असा क्रम लागतो. पाश्चात्य देशांतील ड्रॅग रेस या शर्यतीशी स्वरूपाने फार जवळची आहे. तेथे दोन मोटारी दिव्यांच्या इशाऱ्यावर सुटून पाव मैलाचे, म्हणजे सुमारे 402 मीटरांचे सरळ अंतर तोडतात आणि हरलेली मोटार बाद होते. आपल्या राज्यातही लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. अवघ्या काही क्षणांत निकाल लागणाऱ्या या दोन्ही खेळांत यश आधीच्या कित्येक आठवड्यांच्या शिस्तीवर अवलंबून असते, हे साम्य खरे. तथापि मोटारीला भीती वाटत नाही, ऊन लागत नाही, आणि यंत्र बंद केले की तिचे श्रम संपतात. बैल हा जिवंत, संवेदनाशील आणि मुका प्राणी असल्याने मोटार चालवणाऱ्यापेक्षा बैल हाकणाऱ्यावरील जबाबदारी कितीतरी अधिक आहे.

ही जबाबदारी केवळ नैतिक नाही. केंद्र शासनाने 11 जुलै 2011 च्या अधिसूचनेने प्रदर्शनासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला, आणि 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतींनाही मनाई केली. 2017 साली राज्य विधिमंडळाने प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली खरी, परंतु उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे तिचा अंमल अडकून पडला. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर मुभा दिली, आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू व कर्नाटकाच्या कायद्यांसह महाराष्ट्राची दुरुस्तीही वैध ठरवली. तिच्या अन्वये शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, अंतर 1000 मीटरांहून अधिक ठेवता येत नाही, बैलाची पशुवैद्यकीय तपासणी अनिवार्य आहे, काठी-चाबूक किंवा विजेचा धक्का वापरण्यास सक्त मनाई आहे, आणि या अटींचा भंग झाल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. इतक्या वर्षांच्या कज्ज्यानंतर हाती आलेली ही मुभा अटींवर टिकून आहे, आणि त्या अटी मोडण्याचा मोह सर्वांत अधिक होतो तो अननुभवी माणसाला, कारण बैल मागे पडू लागला की दुसरा उपाय त्याला ठाऊकच नसतो.

नवख्याने पहिली दोन-तीन मैदाने रिकाम्या हाताने, केवळ प्रेक्षक म्हणून पाहावीत, आणि तीही झेंडा पडतो त्या टोकाला उभे राहून नव्हे, तर निशाण ओलांडल्यावर गाड्या जेथे थांबतात तेथून सुरक्षित अंतरावर. भरधाव आलेली जोडी रेषा ओलांडल्याबरोबर उभी राहत नाही. पुढे मोकळे रान किती आहे, बांध किंवा विहीर आहे काय, विजय साजरा करण्यासाठी धावत सुटलेला जमाव कोठे आडवा येतो, हे सर्व तेथेच दिसते. म्हणून सरावाच्या पहिल्या दिवसांत बैलाला पळण्याआधी हाकेवर आणि कासऱ्याच्या ओढीवर थांबण्याची सवय लावावी. नांगरलेल्या मऊ रानात थोड्या अंतराचे फेर द्यावेत, वेग हळूहळू वाढू द्यावा, आणि बैल हमखास थांबतो अशी खात्री होईपर्यंत त्याला दुसऱ्या गाडीच्या शेजारी सोडू नये.

त्यानंतर वयाचा विचार येतो. आदत, दुसा, चौसा हे गट दातांवरून ठरतात, आणि त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण आहे, कारण दुधाचे दात न पाडलेल्या खोंडाची हाडे आणि सांधे अजून पक्के झालेले नसतात. आदत वासरू वेगवान असते म्हणून त्याला आठवड्यामागून आठवडा मैदानावर नेणारा मालक त्याच्या पुढील कित्येक वर्षांचे बळ आगाऊ खर्चून टाकतो. माणदेश ही खिल्लार जातीची मायभूमी. तिचे ‘म्हसवड’ आणि ‘आटपाडी महाल’ हे प्रकार येथल्याच गावांच्या नावांनी ओळखले जातात, आणि खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेतील जनावरांच्या बाजाराची कीर्ती आजही टिकून आहे. चपळपणा आणि चिवटपणा या दोन्ही गुणांसाठी ही जात जोपासणाऱ्या शेतकऱ्यांनी बैलाला पुरते वाढू देण्याचा धीर धरला होता. त्यांच्या वारसाने तो सोडावा, हे शोभणारे नाही.

ज्याच्या दावणीला एकच पळाऊ बैल आहे त्याला दुसऱ्या मालकाशी पैरा करावा लागतो, म्हणजे त्याच्या बैलाशी जोडी जमवावी लागते, आणि येथे नवखा माणूस हटकून फसतो. आपल्या बैलापेक्षा पुष्कळ वेगवान बैल मिळाला तर जिंकणे सोपे होईल, असे त्याला वाटते. वास्तविक एक बैल पुढे आणि दुसरा मागे पडला की जू तिरके होते, छकडा शेजारच्या फाटीत घुसतो आणि दोन्ही गाड्यांवरील माणसे संकटात येतात. पैरा करताना वेग जुळतो काय, कोणता बैल कोणत्या खांद्याला पळतो, दोघांनी एकत्र सराव केला आहे काय, याची चौकशी करावी. आणि खर्च, इनामाची वाटणी व दुखापतीचा भार यांविषयीचे बोलणे चार माणसांदेखत आधीच उरकून घ्यावे, म्हणजे मागाहून हरकत-तक्रार उरत नाही.

शर्यतीच्या दिवसाची तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. तपासणीचा दाखला, कानातला बिल्ला, लसीकरणाची नोंद ही कागदपत्रे जवळ असावीत. 2022 साली लम्पी रोगाच्या साथीत जनावरे एकत्र आणण्यावर निर्बंध आले होते, हे ज्यांना आठवते त्यांना या नोंदींचे मोल सांगावे लागणार नाही. वेसण, म्होरकी, सापत्या, जू, चाकांच्या धावा आणि बैलाच्या पत्र्या एकेक करून हाताने चाचपून पाहाव्यात, डोळ्यांवर विसंबू नये. पिकअपच्या हौद्यात पाचटाचा जाड थर द्यावा, बैल घसरणार नाही असा बांधावा, आणि मैदानावर इतक्या आधी पोहोचावे की उतरवल्यानंतर त्याला सावकाश फिरवून सावलीत विसावा देता येईल. पोट तडस भरून बैलाला पळवू नये, आणि उन्हात तासन्‌तास तहानलेलाही ठेवू नये. कर्ण्यांचा आवाज, हलगीचा कडकडाट आणि जमावाची गर्दी हे खोंडाला सर्वस्वी अपरिचित असते. बैलाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने बाजूची प्रत्येक हालचाल त्याला जाणवते आणि थेट पाठीमागचे मात्र दिसत नाही, म्हणून पाठीमागून अचानक कोणालाही त्याच्याजवळ येऊ देऊ नये.

सुटण्याच्या जागी नवख्याचा खरा शत्रू असतो तो त्याचा स्वतःचा उतावीळपणा. बैल धरायला ओळखीची, शांत स्वभावाची माणसे घ्यावीत. झेंड्याआधी गाडी पुढे काढण्याची धडपड करू नये, कारण पुन्हापुन्हा मागे फिरवलेली जोडी सुटण्यापूर्वीच थकते. झेंडा पडल्यावर ड्रायव्हरने आपली फाटी सोडू नये, तोल सांभाळावा आणि ओळखीच्या हाकेने बैलाला पुढे न्यावे. शेपटी चावणे, पिरगळणे, खिळा किंवा टोचणी वापरणे हे प्रकार कायद्याने गुन्हा आहेतच. त्याशिवाय, वेदनेने पळालेला बैल पुढच्या मैदानात जू पाहूनच अंग चोरतो, हेही ध्यानात ठेवावे. मध्येच एखादा बैल लंगडला किंवा जू सुटू लागले, तर गट हातचा गेला असे समजून गाडी आवरावी. निशाण ओलांडल्यानंतर मित्रमंडळींनी गुलाल घेऊन धावत येण्याआधी बैलांचा श्वास पूर्ववत होऊ द्यावा, त्यांना हळूहळू चालवावे, पाणी थोडे थोडे पाजावे. बैल तोंड उघडून धापा टाकत असेल, जीभ बाहेर आली असेल, तर गट पास झाला असला तरी पुढची फेरी सोडून द्यावी. समितीने आणि प्रतिस्पर्ध्यांनी त्यात कमीपणा मानू नये.

पैशाचा प्रश्नही टाळता येण्याजोगा नाही. इनामाच्या रकमा वाढल्या, मोटारसायकली आणि चारचाकी गाड्या बक्षिसांत आल्या, तशा पळाऊ बैलांच्या किमती लाखांवर गेल्या. जमीन गहाण टाकून किंवा सावकाराकडून उचल घेऊन बैल विकत घेणारा तरुण मैदानावर खेळाडू म्हणून येत नाही, तो ऋणको म्हणून येतो. आणि ऋणकोच्या हाती कासरा असला की दया, संयम आणि कायदा या तिन्ही गोष्टी मागे पडतात. हरल्यास जेवढा खर्च घरच्या चुलीला जाणवणार नाही, तेवढ्याच खर्चाने पहिले वर्ष काढावे.

परंतु सगळा भार नवख्याच्या खांद्यावर टाकून मोकळे होणे न्यायाचे नाही. यात्रा समित्यांनी प्रत्येक मोठ्या मैदानावर, मुख्य शर्यतीच्या आधी सकाळच्या गारव्यात, प्रथमच येणाऱ्या गाड्यांसाठी एक बिनइनामी फेरी ठेवावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. तीत अंतर कमी असावे, दोन फाट्यांमध्ये एक फाटी रिकामी सोडावी, आणि जाणत्या ड्रायव्हरांपैकी दोघांनी व पशुवैद्यकांनी प्रत्येक जोडी पाहून ती मुख्य गटात उतरण्यास योग्य आहे की नाही याचा निर्वाळा द्यावा. ज्याला नकार मिळेल त्याचे प्रवेशशुल्क परत करावे, म्हणजे पैसे बुडतील या भीतीने कोणी अपात्र बैल पुढे रेटणार नाही. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसारख्या, दूरदूरचे शेतकरी ज्यांकडे आदराने पाहतात अशा यात्रांनी हा पायंडा पाडला, तर लहान गावांची मैदाने तो आपोआप उचलतील. अशा तजविजीला फारसा खर्च नाही. सकाळचा एक तास आणि जाणत्यांची थोडी आस्था एवढेच लागेल.

शर्यतीच्या बाजूने आपण न्यायालयात असे सांगत आलो की हा खेळ शेतकऱ्याच्या पशुप्रेमाचा आविष्कार आहे आणि त्यामुळे देशी गोवंश टिकतो. हे प्रतिपादन मला मनापासून मान्य आहे. परंतु त्याचा पुरावा कोणत्याही दप्तरात मिळणार नाही, तो प्रत्येक मैदानावर आणि विशेषतः तेथे प्रथमच आलेल्या मुलाच्या वागणुकीत द्यावा लागेल. पहिल्या मैदानातून बैल धडधाकट घरी आणणाऱ्या, हरूनही पुढच्या वर्षी त्याच बैलासह परत येणाऱ्या तरुणाचा यात्रा समित्यांनी जाहीर सत्कार करावा, आणि त्या सत्काराला विजेत्याच्या इनामाइतकाच मान असावा.