लाल दिवा नेमका कुणासाठी?

लाल दिवा लागला की थांबायचे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. अमेरिकेत मात्र या नियमाला गेल्या अर्धशतकापासून एक पळवाट आहे. सिग्नल लाल असला तरी गाडी क्षणभर थांबवायची, रस्ता मोकळा आहे असे पाहायचे आणि उजवीकडे वळायचे. मनाईची पाटी नसेल तर हे कायदेशीर! तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात. म्हणजे हे आपल्याकडचे डावे वळण. ही सवलत आता काही शहरे काढून घेऊ लागली आहेत.

तिचे मूळ पेट्रोलटंचाईत आहे. १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या. चौकात उभी गाडी म्हणजे वाया जाणारे इंधन, असा हिशेब मांडला गेला. ऊर्जाबचतीसाठी केंद्राचा निधी हवा असेल तर ही मुभा द्या, अशी अट १९७५ च्या कायद्याने राज्यांना घातली. १९८० पर्यंत ती देशभर पोहोचली. न्यूयॉर्क शहराने तेवढी मनाई कायम ठेवली.

या हिशेबात पायी चालणारा मात्र धरलाच नव्हता. उजवीकडे वळू पाहणाऱ्या चालकाची नजर असते डावीकडे, कारण गाड्या तिकडून येतात. नेमक्या त्याच वेळी उजवीकडच्या पदपथावरून एखादी आजी, हिरवा माणूस पाहून, निर्धास्तपणे त्याच्या गाडीपुढे उतरते. १९८० च्या दशकाच्या आरंभी चार ठिकाणच्या नोंदी तपासल्या गेल्या. ही मुभा दिल्यानंतर सिग्नलच्या चौकांत उजवीकडे वळणाऱ्या गाड्यांचे पादचाऱ्यांशी होणारे अपघात ठिकाणपरत्वे ४३ ते १०७ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले.

विरोधकांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. वळणारी गाडी हळू असते. एकूण मृत्यूंत अशा अपघातांचा वाटा लहान आहे. शिवाय लाल दिव्यावर अडवलेली गाडी हिरव्यावर वळणार, तेव्हा दुसरा रस्ता ओलांडणारी माणसे तिच्या वाटेत येणारच. त्यावर उपाय आहे: गाड्यांच्या आधी काही सेकंद पादचाऱ्यांना सिग्नल द्यायचा. पण मृत्यू थोडे, म्हणून रोजची धास्ती क्षुल्लक ठरते काय? सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये टेंडरलॉइन या दाट वस्तीत हे वळण बंद केले. राजधानी वॉशिंग्टनच्या नगरपरिषदेने २०२२ मध्ये शहरभर मनाईचा कायदा संमत केला.

आपण यातून काय घ्यावे? आपल्याकडे ‘लेफ्ट फ्री’ हा जणू जन्मसिद्ध हक्क समजला जातो. वास्तविक हिरवा बाण वा तशी पाटी नसेल तर डावीकडे वळणाऱ्यानेही लाल दिव्याला थांबायलाच हवे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. हे सारे काही डाव्या वळणाचे बळी नव्हेत, हे खरे. परंतु शाळा, इस्पितळे आणि मंडईजवळच्या चौकांत ‘लेफ्ट फ्री’च्या पाट्या काढायला कोट्यवधींचा उड्डाणपूल लागत नाही. गाडीवाल्याचा अर्धा मिनिट जाईल. आपल्या घरातली म्हातारी माणसे आणि मुले तेवढ्या वेळात रस्ता ओलांडून जातील. हा सौदा महाग म्हणता येणार नाही.