हरकत घ्या, हरकत!

उर्दूत हरकत म्हणजे हालचाल. मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. दोन्ही भाषा शिकवत असल्याने हा गोंधळ मी दरवर्षी वर्गात निस्तरतो. ‘हरकत में बरकत’ ही म्हण आपल्या घराघरात आहे. पण नगरपालिका ‘हरकती व सूचना’ मागवते, तेव्हा आपल्याकडून ना मराठीतली हरकत होते, ना उर्दूतली.

आमच्या शाळेमागे मोकळा भूखंड होता. शहराच्या विकास योजनेत त्यावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण होतं. ते उठवून जागा निवासी करण्याच्या फेरबदलाची सूचना वर्तमानपत्रात छापून आली. महिनाभर मुदत होती. आम्हाला पत्ता लागला तो जेसीबी आल्यावर. मग मोर्चा, घोषणा, ‘हमारे साथ ही ऐसा क्यों?’ मी जाऊन फाइल पाहिली. शेरा होता : हरकती – निरंक.

हा शेरा अधिकाऱ्याने लिहिला असला, तरी तो आपणच त्याच्या हाती दिला होता.

नोकरी-शिक्षणातल्या आरक्षणावर आपण टपरीवर तासन्‌तास बोलतो. नकाशातल्या आरक्षणाचं काय? शाळा, मैदान, दवाखाना, कब्रस्तान यांच्या जागा तिथेच ठरतात. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. ठरल्या मुदतीत प्रशासन हललं नाही, की आरक्षण व्यपगत होतं. म्हणजे गेलं. प्रशासन गप्प, आपण गप्प, आणि मैदानावर सात मजले.

‘आमचं कोण ऐकतं?’ हे आपलं ठरलेलं उत्तर. मुंबईचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये शहराचा प्रारूप विकास आराखडा आला. त्यात चुकाच चुका होत्या. ६०,००० हून अधिक हरकती गेल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो आराखडा बाजूला ठेवून दुरुस्तीचे आदेश द्यावे लागले. सगळ्यांचं समाधान झालं असं नाही. पण ‘निरंक’ लिहायची सोय उरली नाही.

आता दुसरी बाजू. राजपत्राची मराठी मला बीएड होऊनही दोनदा वाचावी लागते. ‘व्यपगत’ हा शब्द किती नागरिकांना कळतो? ज्या मोहल्ल्यात उर्दू पेपर वाचला जातो, तिथली सूचना उर्दू पेपरात का नाही? नकाशा एका कार्यालयाच्या भिंतीवर, तोही कामाच्या वेळेत. रोजंदारीवरच्या माणसाने मजुरी बुडवून तो पाहायचा? लोकांना कळू नये अशा रीतीने लोकांचं मत मागवायचं, याला लोकसहभाग म्हणत नाहीत. प्रशासनाला आपली हरकत उर्दूतल्या तिसऱ्या अर्थाने ऐकू येते : खोडी.

आणि आपली दाटी काही हौसेची नाही. दुसऱ्या वस्तीत घर मागायला गेलं, की नाव ऐकून ‘फ्लॅट गेला’ म्हणतात. म्हणून आपण इथेच खोलीवर खोली चढवतो. जिथे माणसं दाटीने राहतात, तिथे मोकळी जागा दुप्पट मोलाची. नेमकी तीच आधी जाते, आणि कधीकधी ती घेणारा बिल्डर आपल्याच सफेत पहिल्या रांगेत उभा असतो. हेही बोलायला हवं.

जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या फलकावर चंद्याचा हिशेब लागतो. त्याशेजारी नगरपालिकेची सूचना दोन ओळींच्या उर्दूत लावायला काय हरकत आहे? भाषांतर मी करून देतो, फुकट. दहावीच्या मुलांना अर्जलेखन शिकवतोच. यंदा विषय खराच देईन : सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक, आपलं म्हणणं, सही. अर्जाची पोच घ्यायची, आणि नियोजन समितीची सुनावणी लागेल त्या दिवशी हजर राहायचं.

आमची मुलं आता मधल्या सुट्टीत रस्त्यावर क्रिकेट खेळतात. रिक्षा आली की स्टंप उचलून बाजूला होतात.