पाहुणी आली आणि घर बळकावून बसली!

मुलांनो, मागच्या पावसाळ्यात एका रविवारी आम्ही आमच्या डोंगरातल्या देवराईत गेलो होतो. चौथीची मुलं, काही पालक, कुदळी आणि विळे असा सगळा लवाजमा! काम काय? तर घाणेरी काढायची.

घाणेरी म्हणजेच टणटणी. रंगीबेरंगी फुलांचे गुच्छ, खरखरीत पानं, उग्र वास. ही मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती शोभेसाठी कोलकात्याच्या बागेत आणली आणि मग ती देशभर पसरली. तिची जाळी इतकी दाट होते, की खाली ऊनच पोचत नाही. मग आपल्या झाडांची रोपं वर येणार कशी? शिवाय तिची पानं खाऊन गुरांना विषबाधा होते.

भोर-वेल्ह्याकडे अजून देवराया आहेत. देवाचं रान म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तिथं कुऱ्हाड चालली नाही. पण घाणेरीला देवाची भीती कुठली? ती कडेकडेनं आत शिरते.

घाणेरी नुसती वरून छाटली तर दुप्पट जोमानं फुटते बरं का! म्हणून जमिनीच्या थोडं खाली मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी ही पद्धत रूढ केली. तोडायचं काम अर्थातच मोठ्यांचं. मुलं कोवळी रोपं उपटत होती. त्या उत्साहात दोघांनी करवंदीचं रोपही उपटलं! परत लावलं, पण जगलं नाही. तेव्हापासून आमचा नियम ठरला : ओळखल्याशिवाय उपटायचं नाही.

एवढ्यात एक मुलगी म्हणाली, "बाई, बुलबुल तर हिचीच फळं खातात. सगळी काढली तर ते काय खातील?"

मी गप्पच झाले. शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, "अगं, ही नव्हती तवा काय पाखरं उपाशी हुती? तोरणं हुती, करवंदं हुती, अंजनी हुती!"

तोरणाच्या झाडांवरूनच वेल्ह्याच्या तोरणा किल्ल्याला नाव पडलं, असं सांगतात. आणि आमच्या कितीतरी मुलांनी तोरण चाखलेलंच नव्हतं!

मग त्या दिवशी आम्ही एकच कोपरा साफ केला. बाकीची घाणेरी पाखरांसाठी तशीच ठेवली. उन्हाळ्यात तोरणं-करवंदं पोटभर खाल्ली, बिया जपल्या आणि पावसाच्या तोंडावर पिशव्यांत पेरल्या. आता वीतभर रोपं आलीत. साफ केलेल्या कोपऱ्यात घाणेरीची पिल्लं पुन्हा उगवलीच, पण ती हातानं उपटता येतात. दरवर्षी जावं लागणार हे नक्की!

तुम्हीही एक करा. आजी-आजोबांना विचारा, "तुमच्या लहानपणी रानात काय खायचा?" त्यांनी सांगितलेली नावं वहीत लिहा. त्यातली किती झाडं तुम्हांला ओळखता येतात, तेही लिहा. आणि हो, वाटेत गाजरगवत दिसलं तर उघड्या हातानं धरू नका, अंगाला खाज सुटते!

— तुमच्या बाई