राबत्या अंगाला हात कोण लावणार?

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी व तिच्या आसपासच्या खेड्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला या धंद्यात माणसे म्हणत नाहीत, ‘कोयता’ म्हणतात. पहाटे फडात उतरावयाचे, कंबरेत वाकून ऊस बुडख्याशी छाटावयाचा, मोळी बांधावयाची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढावयाचे; चार-पाच महिने हाच क्रम. मागे राहणाऱ्या बाया किलोवर कापूस वेचतात, तेथेही कंबर दिवसभर वाकलेलीच. या दुखण्याला आजार कोणी म्हणत नाही. फारच झाले तर दवाखान्यात जाऊन सुई टोचून घ्यावयाची, चार गोळ्या घ्यावयाच्या आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागावयाचे. दुखऱ्या जागेला हात लावून पाहण्याइतका वेळ तेथे कोणाला असतो?

हे दुखणे क्षुल्लक मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसे कंबरदुखीने पीडित होती, आणि अपंगत्व आणणाऱ्या कारणांत तिचा क्रमांक पहिला लागतो. संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात व्यायाम, रुग्णाला समजावून सांगणे व मानसिक आधार यांच्या जोडीला मालिश आणि कण्यावरील हस्तोपचार यांनाही स्थान दिले आहे. अफूजन्य वेदनाशामके देऊ नयेत, असेही बजावले आहे.

शहरात याच हस्तोपचारांचा आता मोठा बाजार झाला आहे. त्यात ‘फॅशिया’ हा शब्द परवलीचा. स्नायू, हाडे, आतडी या साऱ्यांना वेढणारे व परस्परांशी जोडणारे तंतुमय आवरण म्हणजे फॅशिया. शवविच्छेदनात जे पूर्वी खरवडून बाजूला टाकले जाई, त्यात चेतातंतूंचे दाट जाळे असल्याचे संशोधनातून पुढे आले, आणि २००७ साली बोस्टन येथे या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्याच्या कितीतरी आधी आयडा रॉल्फ या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बाईंनी हे आवरण हाताने दाबून शरीराची ठेवण सुधारण्याची पद्धती उभी केली होती. मात्र हातांनी हे आवरण ‘वितळते’ किंवा ‘सुटते’, हा जाहिरातींतील दावा कार्यकर्त्यांनी जसाच्या तसा उचलू नये. मांडी व तळव्याच्या जाड आवरणाचा आकार बदलावयाला लागणारा जोर माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचा आहे, असे २००८ च्या एका गणिती अभ्यासात दिसले. आराम पडतो तो बहुधा चेतासंस्थेच्या वाटेने. शिवाय २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार कंबरदुखीवर मालिशीचा गुण अल्पकाळचा आणि त्याचा पुरावाही दुबळाच आहे. म्हणजे हा चमत्कार नव्हे. पण जो थोडा आराम श्रीमंताला तासावर विकत मिळतो, तो ऊसतोड कामगाराला का मिळू नये, हा प्रश्न त्याने खोटा पडत नाही.

आमच्या खेड्यांत हा हात नव्हता असे नाही. बाळंतिणीचे अंग चोळणारी सुईण, न्हाव्याची चंपी, सांधा बसवणारा हाडवैद्य हे सारे होतेच. यांतील हाडवैद्याने काही हात कायमचे वाकडेही करून ठेवले, हे लपविण्यात अर्थ नाही. पण अंगाला हात लावण्याचे काम जातिव्यवस्थेने खालच्या मानलेल्यांवर सोपविले. अनेक गावी सुईणपण मातंग स्त्रियांकडे आले. बाळ जन्माला घालताना तिचा हात चाले आणि बारशाला तिची सावलीही नको असे! ज्या समाजात स्पर्शच विटाळ ठरला, तेथे स्पर्शाने उपचार करणाऱ्याला मान आणि मोल कोठून मिळणार?

हात न लावण्याचा शेवट कोठे होतो, हे शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखविले आहे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आले, की पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढण्यात आली होती. कंबर व ओटीपोट दुखते, अंगावरून पांढरे जाते, अशा तक्रारींवर थेट शस्त्रक्रिया! उचल अंगावर असलेल्या बाईला एक दिवसाचा खाडा पडला तर दंड बसतो. मग ती दुखणे घेऊन बसणार कशी? ‘समग्र आरोग्य’ हा शब्द हल्ली फार चालतो. त्यात माणसाचे मन आणि आहार येतो, पण मुकादमाचा हिशेब येत नाही. विश्रांतीचा दिवस न मागता नुसती मालिश मागणे म्हणजे कोयत्याला धार लावून तो मुकादमाच्या हाती परत देणे होय.

म्हणून मागणी दोन अंगांनी करावी लागेल. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मंजूर पदांत भौतिकोपचारतज्ज्ञाचे पद नाही. ते निदान आठवड्यातून ठरावीक दिवशी फिरत्या स्वरूपात तरी मिळाले पाहिजे. २ ऑक्टोबर १९७७ रोजी, राजनारायण आरोग्यमंत्री असताना, गावातल्याच माणसाला शिकवून आरोग्यरक्षक करण्याची योजना सुरू झाली होती, आणि १९७८ च्या आल्मा आटा जाहीरनाम्यानेही पारंपरिक उपचारकांना योग्य शिक्षण देऊन सेवेत घेण्यास मान्यता दिली. त्या धोरणाने सुईणींना व आशा कार्यकर्त्यांना साधे हस्तोपचार, व्यायाम आणि ‘येथे हात लावू नये, इस्पितळात पाठवावे’ हे ओळखण्याचे शिक्षण द्यावे; वेतनासह, मानधनाच्या चिमटीने नव्हे. दुसरीकडे आजारपणाच्या व पाळीच्या दिवसांचा खाडा रद्द व्हावा आणि फडावर आरोग्यपथक जावे, यासाठी कारखाने व कामगार कल्याण महामंडळ यांच्याकडे धरणे धरावे.

परतूर तालुक्यातील कार्यकर्त्यांनी हे ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभांत घ्यावेत. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला ज्यांचे अंग दुखते, ती माणसे गावात नसतात.