मत पॅलेस्टाईनला, करार स्मोट्रिच यांच्याशी

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १२ सप्टेंबर २०२५ रोजी इस्रायल आणि पॅलेस्टाईन अशा दोन राष्ट्रांचा पुरस्कार करणारा ‘न्यूयॉर्क जाहीरनामा’ १४२ विरुद्ध १० मतांनी मंजूर झाला आणि भारताने बाजूने मत दिले, म्हणून सगळीकडे कौतुक झाले. मत योग्यच होते. पण त्याच आठवड्यात, ८ सप्टेंबरला, आपल्या अर्थमंत्र्यांनी दिल्लीत गुंतवणूक करार केला तो इस्रायलचे अर्थमंत्री बेझालेल स्मोट्रिच यांच्याशी, याबद्दल मात्र फारसे कुणी बोलले नाही. पॅलेस्टिनींविरुद्ध हिंसेला चिथावणी दिल्याबद्दल ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि नॉर्वे यांनी जूनमध्येच ज्यांच्यावर निर्बंध लादले, ते हेच गृहस्थ.

ऑगस्टमध्ये वेस्ट बँकमधल्या ‘ई-१’ पट्ट्यात इस्रायली वसाहतीच्या सुमारे ३४०० घरांना मंजुरी मिळाली, तीही त्यांच्याच रेट्याने. या योजनेने पॅलेस्टिनी राष्ट्राची कल्पनाच गाडली जाईल, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. जेरुसलेम आणि मआले अदुमीम ही इस्रायली वसाहत यांच्यामधली ही जेमतेम १२ चौरस किलोमीटर जमीन. पण तिथे वसाहत झाली की वेस्ट बँकचा उत्तर भाग दक्षिणेपासून तुटतो, रामल्ला एकीकडे आणि बेथलेहेम दुसरीकडे. याच टापूत खान अल-अहमर ही बेदुइनांची वस्ती आहे. तिथली शाळा जुने टायर आणि माती रचून बांधलेली. तीही पाडण्याचे आदेश निघालेले आहेत. मतदानाच्या आदल्याच दिवशी, ११ सप्टेंबरला, इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहूंनी मआले अदुमीममध्ये जाऊन योजनेच्या करारावर सही केली आणि पॅलेस्टिनी राष्ट्र होणार नाही, असे ठणकावले. मग आपण मत दिले ते कुठल्या जमिनीवरच्या राष्ट्राला?

हमासचे काय, असे कुणी विचारेल. हमासने ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलमध्ये केलेल्या हत्याकांडाला क्षमा नाही, आणि आपण ज्याला मत दिले तो जाहीरनामाही हमासचा निषेध करतो, शस्त्रे खाली ठेवायला सांगतो. ज्यूंबद्दल आकसाचा तर प्रश्नच नाही. आमच्या अलिबागेत बेने इस्रायली ज्यू कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदली आहेत. पण ई-१ मधल्या घरांनी हमास निःशस्त्र होत नाही, फक्त जमीन जाते.

 

१९८८ मध्येच पॅलेस्टाईनला मान्यता देणाऱ्या देशाने आता नुसत्या मतावर थांबू नये. आपल्या खासदारांनी संसदेत सरळ विचारावे: स्मोट्रिच यांच्याशी झालेल्या गुंतवणूक करारातून एक रुपयाही वेस्ट बँकमधल्या वसाहतींत जाणार नाही, अशी अट त्यात आहे का? असेल तर कलम दाखवा, नसेल तर घाला.

— एक वाचक, अलिबाग