कागदाची तारीख आणि उमेदवाराची लायकी

छत्रपती संभाजीनगर-पैठण रस्त्यावरच्या बिडकीनची ओळख गेल्या दहा-बारा वर्षांत पार बदलली. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरसाठी इथली शेतजमीन एकरी २३ लाखांच्या दराने गेली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी ७,८५५ एकरांचे हे औद्योगिक क्षेत्र दूरदृश्य प्रणालीवरून राष्ट्राला अर्पण केले. टोयोटा किर्लोस्कर, जेएसडब्ल्यू, एथर ही नावे आता गावातल्या पोरासोरांच्याही तोंडी आहेत. तरी घरातला मुलगा किंवा मुलगी ‘लागली’ असे पाहुण्यांना सांगायचे, तर नोकरी सरकारीच लागते. कंपनीतल्या कंत्राटी कामाचा भरवसा किती, हे वाळूज आणि शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत रोज ये-जा करणाऱ्यांनी पाहिलेले आहे. त्यामुळे या ओढीला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही.

२०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. पुढच्या वर्षी पोलीस भरतीच्या १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांच्या वर. एवढ्या गर्दीत चर्चा होते ती पेपरफुटीची आणि कटऑफची. तलाठी परीक्षा ५७ सत्रांत झाली, गुणांचे सामान्यीकरण झाले आणि दोनशेपैकी २१४ गुण मिळवणारा उमेदवार यादीत झळकला, तेव्हा तर महाराष्ट्राने डोक्याला हात लावला. पण परीक्षेच्या कितीतरी आधी अर्जाच्या पानावरच एक निवड होऊन जाते. तिथे बुद्धी तपासली जात नाही, अंगमेहनतही नाही. तपासली जाते ती कागदावरची तारीख.

पोलीस भरतीचे निकष पाहा. पुरुषांसाठी उंची १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून पाच सेंटिमीटर अधिक. सोळाशे मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांत काढले की वीसपैकी वीस गुण. कठोर आहे, पण स्वच्छ आहे. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या मुलाला आपण नेमके कुठे कमी पडतो हे मोबाइलमधले घड्याळच सांगते. मागासवर्गीय उमेदवाराचे घर उत्पन्नाच्या मर्यादेत बसते असे सांगणाऱ्या नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राच्या बाबतीत असे घड्याळ नाही. प्रमाणपत्र कोणत्या आर्थिक वर्षाचे हवे, ते अर्जाच्या शेवटच्या तारखेला वैध हवे की कागदपत्र पडताळणीच्या दिवशी, केंद्राच्या नमुन्यातले चालेल की राज्याच्याच, हे प्रत्येक जाहिरातीत वेगळ्या कलमात आणि वेगळ्या भाषेत दडलेले असते. जाहिरात पंचवीस-तीस पानांची. फॉर्म भरून देणारा सेवा केंद्रातला मुलगा ती वाचत नाही, त्याच्यामागे रांग असते. उमेदवार वाचत नाही, कारण त्याने अभ्यासिकेतल्या मित्राकडून ‘मागच्या वेळेसारखेच आहे’ असे ऐकलेले असते. मागच्या वेळेसारखे क्वचितच असते.

तलाठी भरतीचीच खिडकी घ्या. अर्ज २६ जून २०२३ रोजी सुरू झाले आणि मुदत होती जुलैच्या मध्यापर्यंत. जून-जुलै म्हणजे पेरणीचा काळ आणि शाळा-कॉलेजच्या प्रवेशांचाही. याच दिवसांत उत्पन्नाच्या, जातीच्या आणि अधिवासाच्या दाखल्यांसाठी तालुक्याला झुंबड उडते. बिडकीनकराचे तहसील पैठणला. नॉन-क्रिमीलेअरवर सही उपविभागीय अधिकाऱ्याची. जात वैधता समिती जिल्ह्याला. लग्न होऊन इथे आलेल्या मुलीचे हाल तर विचारूच नयेत. तिच्या प्रमाणपत्रासाठी उत्पन्न पाहिले जाते आई-वडिलांचे, म्हणजे धावपळ माहेरच्या तालुक्यात. दहावीच्या सनदेवर एक नाव, आधारवर दुसरे, आणि दोन्ही नावे एकाच बाईची हे सिद्ध करायला राजपत्र. खुल्या प्रवर्गातील महिलांना महिला आरक्षणासाठी लागणारी नॉन-क्रिमीलेअरची अट ४ मे २०२३ च्या शासन निर्णयाने निघाली, हे चांगलेच झाले. मग इतकी वर्षे ती कशासाठी होती, हे मात्र कुणी विचारले नाही.

मराठवाड्यात याला आणखी एक थर आहे. जातीच्या दाखल्यासाठी ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, तर अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जुन्या महसुली नोंदी उर्दूत, काही मोडीत. आजोबा शाळेतच गेले नाहीत, तर प्रवेश-निर्गम उतारा कुठून आणायचा? मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमावी लागली आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय काढावा लागला, तो याच गुंत्यातून. पैठण तालुक्यातल्या एखाद्या मराठा उमेदवाराच्या बाजूने पाहिले, तर सात-आठ वर्षांत त्याच्यापुढचा रकाना किती वेळा बदलला! आधी खुला. २०१८ च्या कायद्याने एसईबीसी, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग. सप्टेंबर २०२० मध्ये त्याला स्थगिती आणि ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदाच रद्द केला, मग ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहा टक्क्यांचा नवा एसईबीसी. आता नोंद सापडली तर कुणबी, म्हणजे ओबीसी. माणूस तोच, अभ्यासही तोच. चुकीच्या रकान्यात टिचकी पडली की दोष मात्र उमेदवाराचा.

सगळ्या प्रवर्गांना छेदून जाणाऱ्या समांतर आरक्षणाची गंमत याहून वेगळी. प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के जागा आहेत. जायकवाडीचे भूमिपूजन १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केले, धरण १९७६ मध्ये पुरे झाले. धरणाच्या नाथसागर जलाशयाखाली ज्यांची शिवारे गेली, त्यांची तिसरी पिढी आज तो रकाना भरते आहे. घरातल्या कोणत्या नातवाच्या नावे प्रमाणपत्र करायचे, यावर भाऊबंदकी पेटते. खेळाडूंसाठीही पाच टक्के जागा आहेत, आणि त्या कोट्यात ट्रॅम्पोलिनसारख्या खेळाची बनावट प्रमाणपत्रे पकडली गेली. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याची उमेदवारी केंद्रीय लोकसेवा आयोगाने रद्द केली. तेव्हा नॉन-क्रिमीलेअर आणि अपंगत्वाच्या दाखल्यांची देशभर चर्चा झाली. म्हणजे ज्याला व्यवस्था वाकवता येते तो कागद आणतोच. अडकतो तो खरा हक्कदार, कागद चार दिवस उशिरा हाती आलेला.

न्यायालये या बाबतीत एका सुरात बोललेली नाहीत. २०१६ मध्ये रामकुमार गिजरोया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी प्रमाणपत्र मुदतीनंतर दिले म्हणून उमेदवारी नाकारता येणार नाही, असे म्हटले. २०२५ मध्ये उत्तर प्रदेश पोलीस भरतीच्या प्रकरणात मात्र जाहिरातीत दिलेल्या नमुन्यातलेच प्रमाणपत्र हवे, असा निकाल आला. म्हणून न्यायालयाच्या भरवशावर फॉर्म भरू नये. पण एका मुद्द्यावर संदिग्धता उरलेली नाही. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तेजप्रकाश पाठक प्रकरणात सांगितले की, नियमांत किंवा जाहिरातीत तशी तरतूद नसेल, तर भरती सुरू झाल्यावर पात्रतेचे निकष मध्येच बदलता येत नाहीत. प्रकरण राजस्थान उच्च न्यायालयातल्या तेरा अनुवादक पदांचे होते. परीक्षा झाल्यानंतर ७५ टक्क्यांची अट लावली गेली आणि एकवीस जणांतून तिघेच उरले.

सरकार उमेदवाराकडून तारखा काटेकोर पाळून घेते, स्वतःच्या तारखांबाबत मात्र ते फारच उदार असते. जिल्हा परिषदांची २०१९ मध्ये जाहीर झालेली भरती वर्षानुवर्षे रेंगाळून रद्द झाली, आणि नवी जाहिरात यायला ऑगस्ट २०२३ उजाडला. दरम्यान वय उलटून गेलेल्यांसाठी मार्च २०२३ मध्ये दोन वर्षांची सवलत द्यावी लागली, तीही वर्षअखेरपर्यंतच. तलाठी परीक्षेचे शुल्क खुल्या प्रवर्गाला हजार आणि मागासवर्गीयांना नऊशे होते. दहा लाख अर्जांचा हिशेब कुणीही करावा, आकडा नव्वद कोटींच्या खाली येत नाही.

हे अपरिहार्य आहे का? तमिळनाडूच्या लोकसेवा आयोगाकडे दीडशे रुपयांत एकदाच नोंदणी होते आणि ती पाच वर्षे चालते. आपल्याही एमपीएससीत उमेदवाराचे खाते टिकून राहते. सरळसेवा भरतीत मात्र प्रत्येक विभाग, परीक्षा घेणारी प्रत्येक कंपनी नवा फॉर्म, नवा फोटो, नवी सही मागते. जातीचा, उत्पन्नाचा, अधिवासाचा, वैधतेचा असा प्रत्येक दाखला देणारे कार्यालय सरकारचेच आहे. ते दाखले बारकोडसह त्याच सरकारच्या संगणकात पडून आहेत. मग त्यांची फोटोप्रत उमेदवाराने पैठणहून आणावी आणि तारीख चुकली तर घरी बसावे, याला कारभार म्हणत नाहीत. पात्रतेचा दिवस एकच असावा, आणि तो सर्व विभागांना सारखा असावा. त्या दिवशी हक्क होता की नाही एवढेच पाहावे, दाखला हाती केव्हा पडला ते पाहू नये. जाहिरातीच्या पहिल्या पानावर, गावातल्या माणसाला कळेल अशा मराठीत, लागणारे कागद आणि त्यांच्या तारखा छापाव्यात. अर्ज बंद झाल्यावर दुरुस्तीसाठी आठवडाभर खिडकी उघडी ठेवावी. आणि पडताळणीत ज्याला बाद केले, त्याला नेमके कोणत्या कलमाखाली बाद केले ते लेखी कळवावे. आज यादीत नावापुढे ‘अपात्र’ एवढाच शब्द असेल, तर कारण शोधण्यासाठी माहितीचा अधिकार वापरावा लागतो, आणि उत्तर येईपर्यंत पुढच्या भरतीचे अर्ज सुरू झालेले असतात.